बारवेवरचं व्याख्यान आणि आमची मेंढरं

गुरुजी, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, निजामाचं राज्य गेलं, माझे केस पिकले, तरी कुणी बारवेचं नाव काढलं की माझं तोंड कडू होतं. गंमत अशी की हा राग कागदावर उतरवायला लागणारी अक्षरंही तुमचीच. दुपारी मेंढरं सावलीला बसली की तुम्ही शाळेतून निघून बाभळीखाली यायचात आणि मला, लग्न झालेल्या दाढीमिशांच्या गड्याला, मातीत काडीनं क, ख, ग काढायला लावायचात. मला हसू यायचं. वडिलांना मात्र त्याचं फार कौतुक होतं.

तेव्हा तुमच्या डोक्यात बारव बसली होती. गावाच्या खालच्या अंगाची ती जुनी, घडीव दगडांची, पायऱ्यापायऱ्यांची विहीर. लोक तिचे दगड गोठ्याला आणि ओट्याला उचलून नेत होते. जाणकार माणसं बोलावून व्याख्यानं केली, गावाला समजावून सांगितलं, तर ती वाचेल असं तुमचं म्हणणं. जालन्याहून येणाऱ्या पाहुण्याचं गाडीभाडं, गॅसबत्तीचं तेल, परवानगीसाठी तहसिलीत उर्दू अर्ज लिहून देणाऱ्याचे पैसे, असा सगळा खर्च तुम्ही पाटलांपुढे मांडलात. पाटील म्हणाले, "काम नेक हाये गुरुजी. सुगी होऊ द्या, मंग बघू." सुगी झाली, कुणी बघितलं नाही. तेव्हा माझे वडील पुढे आले. आमच्याकडे रोकड कुठली? पण मेंढरं एखाद्याच्या रानात रात्रभर बसवली की लेंडीखतापोटी तो शेतकरी जोंधळा देतो. त्या हंगामाचा जोंधळा वडिलांनी तुमच्या व्याख्यानांना देऊन टाकला. आई फुगून बसली, तर तिला म्हणाले, "त्या पाण्यावर आपल्या किती पिढ्या जगल्या. तिचं काई देणं लागतो का न्हाई आपण?"

पाहुणे आले. उन्हं कलल्यावर सगळं गाव बारवेच्या काठावर जमलं. हे व्याख्यान कुणाच्या खर्चानं होतंय ते तुम्ही सर्वांदेखत सांगितलंत आणि वडिलांना पुढे, पाटलांच्या शेजारी बसवलंत. वडील सारखा पटका नीट करताहेत, मला अजून दिसतंय. पाहुणे सुंदर बोलतात. चुना न वापरता दगडावर दगड कसा बसवलाय ते दाखवतात, आणि आम्ही रोज बघितलेली विहीर पहिल्यांदा बघतो. मग ते काही पायऱ्या उतरतात, एका डगमगत्या दगडावर पाय ठेवतात आणि विचारतात, "इथून काय उतरतं?" मागून कुणीतरी सांगतं, "मेंढरं." पाहुणे मान डोलावतात. "खुरांनी सांधे सुटताहेत. असंच चाललं तर ही बाजू आत येईल." वडिलांचा हात पटक्यावरच राहतो.

गाव जागं झालं, अगदी तुम्हाला हवं होतं तसं. आठवडा उलटायच्या आत चावडीवर ठरलं की बारवेत जनावर उतरवायचं नाही. बैलांना ज्याच्या त्याच्या विहिरीवर हौद होते. बारवेत उतरायची ती फक्त आमची मेंढरं. पायऱ्यांच्या तोंडाशी बोराटीच्या काट्यांचं कुंपण पडलं. दगड नेऊ नयेत असंही ठरलं, पण नेलेले काही कुणी परत आणले नाहीत.

वडील मला घेऊन शाळेत आले. "गुरुजी, खरं सांगा. आमच्या मेंढरांनीच मोडल्या का पायऱ्या?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "हो."

"बराबर. मंग काठावर एक हौद बांधून द्या. पाणी आमी शेंदू. माह्या जोंधळ्याचं काई उरलं असंल ना?"

"उरलंय. पण ते व्याख्यानांसाठी दिलेलं आहे. दुसऱ्या पाहुण्यांना बोलावणं गेलंय. ज्या कामासाठी घेतलं, त्यालाच लागलं पाहिजे. हौदाचं मी गावाला सांगतो."

"जी," वडील म्हणाले.

तुम्ही सांगितलंतही. गाव म्हणालं, पुढच्या साली बघू.

दुसरं व्याख्यान झालं तेव्हा आम्ही मेंढरं घेऊन पाण्यासाठी गोदावरीच्या वाटेला लागलो होतो. उन्हाळा तापला होता. कोकरं एकेक करून पडत गेली. माझी बायको एक कोकरू पदरात घेऊन चालत होती, ते मेलंय हे कळल्यावरही तिनं ते बराच वेळ खाली ठेवलं नाही. मेंढरांचं उरलेलं खांड आम्ही अंबडच्या बाजारात विकून टाकलं. वडील जालन्याच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलायला लागले आणि मी, लिहिता-वाचता येत होतं म्हणून, तिथंच कारकून झालो. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसायची. मरेपर्यंत त्यांनी तुम्हाला नाव ठेवलं नाही. मी चिडलो की म्हणायचे, "गुरुजी खरं बोलले. खोटं बोलले अस्ते तर बरं वाटलं अस्तं का तुला?" वाटलं असतं, गुरुजी! त्यांच्यासाठी एकदा खोटं बोलला असतात तर तुमचं काय बिघडलं असतं?

गेल्या महिन्यात गावाकडची दोन पोरं घरी आली. बारवेवर व्याख्यानं ठेवायची आहेत, बाहेरगावी राहणाऱ्यांकडून वर्गणी जमवताहेत. "काका, तुमच्या वडलांनीच सुरू केल्तं म्हन्तेत," एकजण म्हणाला. आधी बघून येतो, मग सांगतो, असं म्हणून मी त्यांना लावून दिलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो.

बारव शाबूत आहे. ती डगमगती पायरीही कुणीतरी नीट बसवली आहे. एक बाई लेकीचं बोट धरून तिला पाण्याकडे उतरवत होती. गावात मला एकही मेंढरू दिसलं नाही. तुमचं बरोबर होतं, पाहुण्यांचं बरोबर होतं, आणि मी तिथं काठावर बसून म्हाताऱ्या माणसानं रडू नये तसा रडलो.

पोरांना वर्गणी दिली. काठावर हौद बांधा असं सांगायचं तोंडावर आलं होतं, पण आता त्यावर यायचं कुणी, म्हणून गप्प बसलो. हे पत्र टाकायला पत्ता नाही. नुसती बारव बघायला गेलो होतो, असं मी घरी सांगितलं. तुम्हाला तेवढं खरं सांगतो, गुरुजी. ती ढासळली असेल, या आशेनं गेलो होतो.