वाटीतलं निळं पाणी

३ फेब्रुवारी
रात्रभर झोप नाय. आरूच्या छातीवर हात ठेवून बसले, श्वास चालतो का बघत. कारण ती वाटी.
आरूचं रक्त आठच्या वर जात नाय. तीन वर्षांची पोर. डॉक्टर बोलले, अजून खाली गेलं तर अ‍ॅडमिट, रक्त चढवावं लागेल. म्हणून राहुलने, माझ्या भावाने, हिरवी पावडर दिली. तो पनवेलच्या पुढे शेडवर कामाला आहे, तिकडे हे शेवाळ पिकवतात. स्पिरुलिना. बोलला, वरणात चिमूटभर दे. काल दुपारी दिली. अजून थोडी वाटीत भिजत घातली, नाचणी घालतो तशी. वाटलं भिजली की पचेल.
रात्री भांडी घासताना बघते तर पाणी निळं. हिरव्याचं निळं, शाईसारखं.
सासूबाई बोलल्या, "मोरचूद हाय हे. गावाकडं पिकावर मारत्यात." आणि पोरीच्या पोटात गेलेलं.
राहुल फोन उचलेना.

४ फेब्रुवारी
आरू ठीक. उठल्या उठल्या चपाती मागितली.
राहुलला दिवसभर फोन जवळ ठेवू देत नाय, बाहेर पेटीत असतो. सहानंतर मिळतो. मग तो लागला. आधी हसला.
"ताई, निळं आलं म्हणजे माल खरा. आमी पण भिजवून बघतो. निळं नाय आलं तर समज भेसळ, नायतर खराब झालेली."
आधी सांगायला तोंड नव्हतं का, मी बोलले.
"तू भिजवशील मला काय माहीत. मटकी आहे का ती?"
आरूचे पप्पा कंपनीतून आले, त्यांचं वेगळंच. "निळ्याला घाबरली? घरावर झेंडा कुठल्या रंगाचा लावतो आपण?"
हसले मी. मग रडू आलं.

८ फेब्रुवारी
आज शेडवर गेलेलो. लांब लांब टाक्या, पाणी हिरवंगार, मधे चाक हळू फिरत असतं. वास खाडीसारखा. राहुलने भिंगाच्या मशीनमधून दाखवलं. बॉलपेनमधली स्प्रिंग असते ना, तशा हजार हिरव्या स्प्रिंगा. हलत होत्या. जिवंत. मला डोळा काढवेना. मागून आरूचे पप्पा, "आमाला पण बघू दे की."
माती नाय, मूळ नाय, पान नाय. पाणी, सोडा, थोडं खत आणि ऊन. तेवढ्यावर वाढतं.
वाळवलं की त्यात अर्ध्याहून जास्त प्रोटीन. डाळीत पण एवढं नाय. लोह आहे. गाजरातलं केशरी असतं ते पण आहे, हिरव्याखाली लपलेलं. आणि ते निळं, ज्याला मी विष समजले, ते पण प्रोटीनच, रंगाचं.
मी विचारलं, मग डाळ बंद करू?
"वेडी आहेस का. ही चिमूटभर, डाळ वाटीभर. कशाचं पोट भरेल?"
अजून बोलला, झाडं नव्हती, माणूस नव्हता, तेव्हा पण असले जीव होते. हवेत श्वास घेण्यासारखं काय नव्हतं, ते पहिलं ह्यांनी केलं.
गाडीत बसून तेच डोक्यात. त्या रात्री हात ठेवून बसलेली. ती घेत होती तो श्वास पण…

१३ फेब्रुवारी
डॉक्टरला पाकीट दाखवलं. "हे खाणं आहे बाई, औषध नाय. लोहाचे थेंब बंद करायचे नाय. आणि तपासलेलाच माल द्या." आरूचं रक्त घेतलं. ओरडली खूप.
शी हिरवी झाली. सासूबाईंनी हाक मारून दाखवली. मोर हगला बोलल्या. पण आता वरणात पावडर त्याच टाकतात, मला हात लावू देत नाय.

२० फेब्रुवारी
रिपोर्ट आला. साडेआठ. थेंबाने, वरणाने की त्या स्प्रिंगांनी, कोण सांगणार. पण वर गेलं. कागद परत परत बघते.
पाकीट संपलेलं. राहुलला अजून सुट्टी नाय. आरूचे पप्पा खुशीत रबाळे स्टेशनच्या बाहेरून सुटी पावडर घेऊन आले. "हिरवीच आहे, तीच असणार." सासूबाईंनी लगेच टाकली वरणात. आरूने सगळं खाल्लं. मी जेवण झाल्यावर पिशवी हुंगली. खाडीचा वास नाय. सुक्या गवताचा आहे.

२१ फेब्रुवारी
सकाळी नवीन पावडर वाटीत भिजवली, आरूचे पप्पा कामाला गेल्यावर. त्यानंतर आरूने दोनदा उलटी केली. अंग गरम. थंडीवाऱ्याचं पण असेल. सासूबाई बोलतात मीच टाकली, मीच टाकली. त्या आणि मी आरूला घेऊन दवाखान्यात चाललो. पिशवी सोबत घेतली, डॉक्टरला दाखवायला. माझ्या फोनची बॅटरी गेली.
वाटी खिडकीत आहे. पाणी अजून काहीच झालं नाय. निळं यायला वेळ लागतो. थांबता येत नाय.
किल्ली शेजारी दिली. वही डब्यावर उघडी ठेवते.
जो कोण आधी आत येईल त्याने वाटी हलवायची नाय, फेकायची नाय. फक्त पाणी बघा. मग माझ्या भावाला, राहुलला, फोन लावा, तो दवाखान्यात कळवेल. नंबर दाराच्या मागे खडूने लिहिलाय. सहानंतर लागतो. निळं असलं तरी लावा, नसलं तरी लावा. जो रंग असेल तो खरा सांगा त्याला.