विमलताईंचा डावा बूट

सोम., ३ फेब्रु.
जामखेडच्या थिएटरात नाचणाऱ्या विमलताई आज खास खर्ड्याला, माझ्या चपलांच्या दुकानात. पिशवीतून कंपनीचे नाचाचे बूट काढले, अन् लुगड्याखाली घालायची ताणली जाणारी विजार. वीस वर्षं अनवाणी लावणी, टाच गेली. डॉक्टर म्हणतो, बूट घाला नाहीतर नाच सोडा. शनिवारी दुपारी कार्यक्रम.
"भाऊ, ह्यात घुंगराचं वजान सोसंल का? खरं सांगा. गोड नको."

मंगळ., ४
विजार: शिवण सपाट, दोरा बोचत नाही. पास.
बूट भिंगाखाली. इंचाला अकरा टाके, एक वाकडा नाही. माझे आठ. मी कोणापाशी शिकलो नाही, कोणाच्या कामाला हात जोडले नव्हते. आज जोडले.
चामडं नवं, म्हणून डाव्याच्या तळाला एरंडेल चोळलं, चपलेला पाजतो तसं. उजवा उद्या.

बुध., ५
ताई आल्या, बूट घालून घुंगरू बांधले. पहिलाच ठेका, डावा पाय सुर्रकन गेला. रॅक धरला म्हणून वाचल्या.
"अवो भाऊ, भजी तळायचीत का ह्यात?"
कंपनीचा दोष, असं तोंडावर आलं होतं. बूट उलटा केला. तळ मुद्दाम खरबरीत ठेवलेला, फरशी धरायला. मी तेल पाजून मारला.
दोन गिऱ्हाइकं बसलेली, तरी माझी चूक सांगितली.
"म्हंजे तुमी बी चुकता व्हय!" ताई उलट खूश.

गुरु., ६
घासलं, खडू चोळला. तेल निघेना. तळ उसवला. नवा तळ शेळीच्या कातड्याचा, खरबरीत उलटी बाजू बाहेर. अकरा टाके. तीनदा उसवले, चौथ्यांदा बसले.

शुक्र., ७
ताईंनी दुकानातच एक लावणी केली. तळ बघायला बसलो होतो. पहिल्या गिरकीनंतर तळ बघायचा राहूनच... मग डोळे मिटून ऐकलं. डावा कुठला, उजवा कुठला, कळेना. मला!
"टाच?"
"एका गान्याला गप हाय. उद्या सात हायेत. सातव्यानंतर इचारा."

शनि., ८
थिएटर, मध्यंतर. खिशात आरी-दोरा. चार गाणी झाली. काय ती बाई! पडद्याआड जाताना माझ्याकडं बघून डावा पाय हलकेच आपटला. टाचेचं विचारलं नाही.
तीन राहिली.