गुण्याची ओवाळणी

बाई, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण संपलेलं नाही. तुमच्या शोकसभेचा निरोप आला तेव्हा मी ठाण्यातच होते. डोंबिवलीला पोचायला कितीसा वेळ लागतो? मी राम मारुती रोडवर गेले आणि टाचांच्या चपला घेतल्या. मुद्दाम. टाचा वाजवत चालणाऱ्या मुलींबद्दलचं तुमचं मत मला पाठ होतं. त्यानंतर दर श्रावणात माझ्या सदरात भूमितीच्या एक बाई येतात. एका वर्षी त्यांना मिशी फुटली, एका वर्षी त्या खिडकीतल्या कबुतरांच्या जोडीला राखी बांधायला निघाल्या. वाचक पोट धरून हसतात. माझ्या वाटेला जाऊ नये, हे तुम्हाला मी नववीत असतानाच कळायला हवं होतं.

आज लिहायचं कारण माझी लेक. तीही आता नववीत आहे. आम्ही दोघी आठवडाभर एक जपानी मालिका बघतोय. ("कार्टून नाही गं आई, ॲनिमे म्हण.") शाळेतली एक मुलगी आणि एक मुलगा. पहिल्या भागात तो तिला छत्री देतो. सातव्या भागात ती छत्री परत करायला निघते आणि त्याच्या दारापर्यंत जाऊन तशीच मागे फिरते. मध्ये नुसते ढग आणि सायकली. मी म्हटलं, "एवढ्या वेळात आमच्याकडे बारसं होऊन जातं." लेक म्हणाली, "हळूच असतं ते. तीच तर मजा आहे." आठव्या भागात त्या दोघांनी आपापली दप्तरं बाकावर शेजारी-शेजारी ठेवली, फक्त ठेवली, आणि मी रिमोट उचलून तेवढंच पुन्हा लावलं. मग तुम्ही आठवलात.

आमच्याकडे छत्री नव्हती, काटकोनाचा त्रिकोणी गुण्या होता. वर्गातल्या एका मुलाचा माझ्या कंपासपेटीत, माझा त्याच्या. रोज सकाळी अदलाबदल. दिवाळीपर्यंत आमचं एकूण संभाषण "घे" आणि "राहू दे" एवढंच झालं होतं. त्याच्या गुण्याचा एक कोपरा चावलेला होता, त्यावरून तुम्ही ओळखलंत. मी उभी आहे. तुम्ही तो गुण्या वर्गाला दाखवताय. "मुलींनी गुण्याने काटकोन काढावेत, भलते कोन काढू नयेत." वर्ग फिदीफिदी हसतोय. मग तुम्ही कपाटातून तो डबा काढता. राखीपौर्णिमा कधीच होऊन गेलीय, पण तुमच्या डब्यात बारा महिने राख्या असतात, दवाखान्यात इंजेक्शनं असतात तशा. स्पंजचं गुलाबी फूल, वर सोनेरी चमकी. "बांध. की वडिलांना बोलावू?"

मी बांधली. टाळ्या वाजल्या. "अरे, बहिणीला ओवाळणी घाल की," तुम्ही म्हणालात. त्याच्या खिशात काही नव्हतं. त्याने टेबलावरचा तो चावलेला गुण्या उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. तुमच्याच रिवाजाने तो कायमचा माझा झाला, बाई, हे तुमच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या जूनमध्ये त्याच्या घरच्यांनी खडवलीला घर बांधलं आणि त्याची शाळा बदलली. त्या मधल्या महिन्यांत आम्ही "घे"सुद्धा म्हटलं नाही.

हे सगळं मी लेकीला हसवत हसवत सांगितलं. ती हसली नाही. "तू नाही म्हणायचं ना," ती म्हणाली, "काय केलं असतं त्यांनी?" मी म्हटलं, "घाबरले गं." तिला ते पटलं.

आणि परवा दुपारी बेल वाजली. दारात तिच्या वर्गातला एक मुलगा, हातात तिची चित्रकलेची वही. "काकू, ही तिची माझ्याकडे राहिलेली." वही पुठ्ठ्यात घालून आणलेली, कोपरे दुमडू नयेत म्हणून. लेक आतून आली, दोन पावलांवर थांबली. दोघंही वहीकडे बघत होती. आणि मी, तुमच्यावर सतरा श्रावण दात काढणारी, गोड आवाजात म्हणाले, "अगं, दादाला पाणी दे की."

लेकीचे कान लाल झाले. मुलगा "नको काकू" म्हणत जिना उतरला. डबा नाही, कपाट नाही, एका शब्दात काम झालं. तुम्हाला निदान स्पंजचं फूल लागायचं. मिशी तुम्हाला काढली, पण फुटली मला. लेक दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. नववा भाग तिने एकटीने बघितला.

आज सकाळी मी तिच्या दाराशी जाऊन त्या मुलाचं नाव विचारलं. तिने सांगितलं. मी ते दोनदा म्हणून पाहिलं. पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारीन, असं म्हटलं. "बघू," ती म्हणाली. माफी नाहीच ती. मीही तुम्हाला दिलेली नाही, देणारही नाही.

हा कागद गुण्याखाली, कंपासपेटीत राहील. एक गोष्ट तेवढी लेकीला सांगता आली नाही, ती तुम्हाला सांगते, कारण तुम्ही अगदी जवळ उभ्या होतात. राखीची पहिली गाठ बसली तेव्हाच तुम्ही "झालं, बस" म्हणाला होतात. सगळा वर्ग बघत होता, म्हणून दुसरी मी आपणहून मारली. चांगली करकचून.