लेउरिसची वर जायची वेळ

लास सालिनास,
१५ मे १९८८

ती. एवारिस्तोदादास,
नेरेइदाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायचं हाताला वळण पडलंय म्हणून लिहिलं. तसं ठीक नाही. एलिहिओच्या डोळ्यांचं मी तुला आजवर कळवलं नव्हतं. गेल्या वर्षी मिठागरात मीठ ओढताना तो शेजारच्या माणसांना धडकायचा, तेव्हा आम्ही सगळे हसायचो, त्याला चढलीय म्हणायचो. राजधानीतल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येणार नाही, आणि उरलेलीही फार दिवसांची नाही. आत्ताच त्याला नळीतून बघावं तेवढंच दिसतं. तिकडे तुझ्या हाताखाली असलेल्या लेउरिसला कळवायचं नाही, पोराचं लक्ष उडेल, अशी त्याची मला ताकीद आहे.

रोज संध्याकाळी तो सेव्हेरिनोच्या दुकानात टीव्हीच्या काचेला नाक लावून बेसबॉलच्या मोठ्या लीगचे सामने बघतो. मागचे ओरडतात, की डोकं काढ रे, आम्हालाही बघू दे. तो म्हणतो, माझा पोरगा वर येईल त्या दिवशी तुम्हाला पुढे बसवीन, आज गप बसा.

दादा, तिकडे पोरांना चेंडू फेकायला शिकवून पिचर घडवणारा तू. कोणाला वर न्यायचं ते क्लबचे साहेब तुलाच विचारतात, असं लेउरिसच लिहितो. तर एकदा हो म्हण. एक सामना पुरे. बापाची नजर आहे तोवर त्याला पोरगा त्या मैदानावर बघू दे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

आमच्यावर तुझी माया आहे, ती आता कामी येऊ दे.

तुझी,
नेरेइदा

ता. क. तुझं पोट सुटलंय म्हणे. भाताच्या खरवडीवर अजून तसाच तुटून पडतोस का?


नॉर्थ कॅरोलायना,
८ जून १९८८

चि. नेरेइदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं, तेव्हा पोटाची काळजी नको.

फिरवून लिहीत नाही. तुझं पत्र हातात पडलं त्याच आठवड्यात वरच्या मोठ्या संघाकडून फोन आला. त्यांचे दोन पिचर दुखापतीनं घरी बसलेत. साहेबांनी विचारलं, की तुझा तो भाचा तयार आहे का. मी नाही म्हणालो.

वेगाचं म्हणशील तर त्याच्याइतका वेगवान इथे कोणी नाही. पण फलंदाजानं एकदा चेंडू लांब मारला, की त्याला राग येतो. मग तो आणखी जोरात फेकायला जातो, कोपर खाली येतं, आणि सगळा भार तिथल्या शिरेवर पडतो. इथे त्याला मारणारी त्याच्याच वयाची पोरं आहेत. वरचे लोक पहिल्याच डावात ओळखतील, की याला चिडवला की झालं. अशा रागात हात मोडून घेतलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यातला एक आज इथेच मैदानावरचं गवत कापतो.

मी चुकतही असेन. पण मला विचारलं होतं तयार आहे का. त्याच्या बापाचे डोळे गेलेत का, असं विचारलं नव्हतं.

एलिहिओला इकडे घेऊन ये. आमचं मैदान छोटं आहे, पण मी त्याला पार कुंपणाला टेकून बसवीन. घामसुद्धा दिसेल पोराचा.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझा,
एवारिस्तो


लास सालिनास,
२ जुलै १९८८

दादास,

एलिहिओ यायचा नाही. म्हणतो, छोट्या मैदानावरचा लेउरिस मी इथे समुद्रकाठी रोज पाहिलाय, त्यासाठी विमानात कशाला बसू. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. कोपराचं आलं तिथे त्यानं मला ते परत वाचायला लावलं. मग उठून बाहेर गेला.

तू हो म्हणाला असतास, तर त्यानं ते पाहिलं असतं. मला एवढंच कळतं.

लोभाचं या वेळी लिहवत नाही.

नेरेइदा


नॉर्थ कॅरोलायना,
२० जुलै १९८९

चि. नेरेइदास,
अनेक आशीर्वाद.

वर्षभर तुझी एक ओळ नाही. तरी हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

गावी नाताळ करून लेउरिस परत आला, तो थेट माझ्या खोलीत. म्हणाला, बाबांनी जुना ग्लोव्ह काढला, चल फेक म्हणाले, मी हळूच टाकला तरी चेंडू त्यांच्या छातीवर बसला. मामा, तुम्हाला ठाऊक होतं ना? मी हो म्हणालो. वरून बोलावणं आल्याचंही सांगितलं. तो महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी सांगेन ते सगळं मात्र करायचा.

परवा त्याच्या मागे चेंडू अडवायला उभ्या पोरांनी एकाच डावात दोन सोपे चेंडू सोडले. तिन्ही बेसवर समोरच्या संघाचे धावणारे येऊन उभे राहिले. समोर उभा राहिला तो या लीगमधला सगळ्यात दांडगा फलंदाज. मी मनात म्हटलं, आता हा चिडणार. लेउरिस चालत गेला, चेंडू सोडणाऱ्या पोराच्या कानात काहीतरी बोलला, तो पोरगा हसला. मग परत येऊन लेउरिसनं असा संथ चेंडू टाकला, की त्या दांडगटानं चेंडू पोचायच्या आधीच बॅट फिरवली आणि तोल जाऊन गुडघ्यावर आला.

मी आत जाऊन साहेबांना फोन लावला. तयार आहे म्हणालो.

पुढच्या रविवारी, दुपारी, त्याचा वरचा पहिला सामना. एलिहिओला आता किती दिसतं?

उत्तराची वाट बघतो.

तुझा,
एवारिस्तो


लास सालिनास,
१ ऑगस्ट १९८९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एलिहिओला आता उजेड तेवढा कळतो. दार उघडं की बंद, एवढंच.

तुझं पत्र सामना होऊन गेल्यावर आलं, पण लेउरिसनं सेव्हेरिनोच्या दुकानात फोन केला होता, त्यामुळे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. एलिहिओ पुढे बसेना. बोलल्याप्रमाणे त्यानं सगळ्यांना पुढे काढलं आणि मला घेऊन भिंतीशी मागे उभा राहिला. मला म्हणाला, समालोचन नको, ते मला ऐकू येतं. तू फक्त पोरगा काय करतोय ते सांग.

मला खेळातलं कळतं किती? मी आपलं सांगत गेले. टोपी नीट केली. थुंकला. खांद्यानं घाम पुसला. मिशी ठेवलीय, बापासारखी नाही, बारीक आहे. चौथ्या डावात समोरच्या फलंदाजानं त्याचा चेंडू पार गर्दीत टोलावला. एलिहिओनं माझं मनगट धरलं. आता काय करतोय, आता काय करतोय, असं विचारत राहिला. मी सांगितलं, की नवीन चेंडू मागून घेतला, हातात चोळतोय, चिडलेला दिसत नाही. मग त्यानं विचारलं, कोपर? मी म्हणाले, वरच आहे.

तेव्हा त्यानं हात सोडला. म्हणाला, एवारिस्तोला कळव, तो बरोबर होता. गेल्या वर्षी आपण पोराचा हात घालवला असता. आणि दुकानातल्या सगळ्यांच्या मागे उभा राहून, तोंड भिंतीकडे करून, तो रडला. लोक ओरडत होते, नाचत होते, त्याला मिठ्या मारत होते. त्यांना वाटलं आनंदानं रडतोय. तसाही रडत होताच.

त्याचा निरोप कळवला. आता माझं. तू बरोबर होतास हे मलाही पटलंय, आणि मी तुला अजून माफ केलेलं नाही. दोन्ही एकाच वेळी कसं, ते मला सांगता येत नाही. नाताळला ये. एलिहिओ तुझी वाट बघतो. मी दार उघडेन, वाढीन, पण लगेच हसून बोलेन असं धरून येऊ नकोस.

तुझी बहीण,
नेरेइदा