अकरा पावलं

माधव नगर, उज्जैन
९ जून २०२५

चि. जयंतास अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड बोलता येत नाही. मध्येच आवाज जातो आणि मग तू तिकडे सांगलीत घाबरतोस, म्हणून लिहिते आहे. रस्ता रुंद व्हायचाय, त्यात आपल्या नाचाच्या तालमीच्या हॉलचे पुढचे अठरा फूट गेले. शुक्रवारी सकाळी माणसं आली, दुपारपर्यंत काम उरकलं. तू स्वतः उभं राहून बसवलेल्या तिथल्या जमिनीच्या सागवानी फळ्या मी आधीच काढून घेतल्या होत्या. चाळीस फुटांचा हॉल बावीसचा झाला. पुढे आता विटांची कच्ची भिंत आहे.

तुला आठवतं ना, जमीन तयार झाली त्या दिवशी मंगला, माझी पहिली विद्यार्थिनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली होती आणि आपण दोघांनी पावलं मोजली होती. अकरा भरली होती. आता सहा भरतात.

आणि नेमका याच वर्षी आपल्या बॅले मंडळीला जानेवारीत चाळीस फुटांचा मोठा रंगमंच मिळालाय. पूर्ण संध्याकाळ, सगळ्या रचना नव्या. एकतीस वर्षं आम्ही लग्नाच्या हॉलमध्ये आणि शाळांच्या ओट्यांवर नाचलो. अडुसष्टावं लागलं मला. माझी मुलं चाळीस फूट भरून नाचताना एकदा बघायची आहेत, मग मंडळी बंद पडली तरी चालेल.

अलकाच्या गुडघ्याचं काय ठरलं ते लिही. आहे तशी माया असू दे.

तुझी,
ताई


सांगली
२३ जून २०२५

ती. ताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. फळ्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, वाकतील. आडव्या रच आणि मध्ये पट्ट्या घाल.

नानाखेड्याकडे एखादा समाजाचा हॉल मिळतो का बघ. फरशीवर तू मुलांना नाचवणार नाहीस हे ठाऊक आहे. पण जन्मात माझं कधी ऐकलं नाहीस, आता सुरुवात करायला हरकत नाही.

अलकाचं ऑपरेशन जानेवारीतच आहे, त्यामुळे आमचं येणं होणार नाही. ती म्हणते की ताईंना लिहा, प्रयोगाआधी दोन दिवस मुलांना त्या मोठ्या रंगमंचावर नुसतं धावू द्या. तिला नाचातलं ओ की ठो कळत नाही, तरी मला ते पटलं.

रागावू नकोस, लोभ आहेच.

तुझा,
जयंत


माधव नगर, उज्जैन
६ नोव्हेंबर २०२५

चि. जयंतास अनेक आशीर्वाद.

ऐकलं बरं तुझं. नानाखेड्याच्या हॉलमध्ये आठ दिवस तालीम केली, दोन मुलींचे घोटे सुजले, परत आलो.

रचना उभ्या राहिल्या आहेत. 'बसस्टँड' मजेची आहे. 'सावली' मात्र माझ्या जिवाची. लहानपणी बाबा आपल्याला वेधशाळेत न्यायचे आणि आपण सावलीच्या टोकावर खडा ठेवून बसायचो, ते आहे त्यात. राजस म्हणून माझा एक विद्यार्थी आहे, तो सावली झालाय. भर दुपारी तो आखडलेला असतो, मग लांबत जातो, आणि सूर्य बुडताना अख्खा मंच ओलांडून धावतो. शेवट त्या धावण्यावरच आहे.

ऑगस्टमध्ये मंडळीतली इशिता त्या कच्च्या भिंतीवर आपटली, मनगट मोडलं. त्या दिवशी मी भिंतीपासून तीन फुटांवर पांढरी रेघ ओढली. रेघेपुढे पाय गेला की मी सगळ्यांदेखत झापते. आता कोणाचा जात नाही. राजस पाच पावलांवर वळतो. मी त्याला रोज सांगते की उरलेली सहा मोठ्या रंगमंचावर घ्यायची. तो म्हणतो, ताई, हो जाएगा.

मोठा रंगमंच प्रयोगाच्या दुपारीच हाती येणार आहे, तो वेळही दिव्यांच्या कामात जाईल. अलकाला सांग, दोन दिवस मागितले होते, नाही मिळाले.

लोभ राहू दे.

तुझी,
ताई


सांगली
१८ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

एकच गोष्ट लिहायला बसलो आहे. ती रेघ पुसून टाक. आजच पुस. भिंतीला हवं तर गाद्या लाव, पण रेघ नको.

काळजीत, पण लोभ तोच,
जयंत


माधव नगर, उज्जैन
१९ जानेवारी २०२६

चि. जयंतास अनेक आशीर्वाद.

अलकाचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं.

परवा प्रयोग झाला. तुझं ऐकून रेघ पुसली होती, पण शेवटच्या आठवड्यात. इशिताच्या मनगटाची भीती माझ्या मनातून जाईना. पुसल्यावरही तिथून पुढे कोणी गेलं नाही. मला ते दिसत होतं आणि मी गप्प बसले.

'बसस्टँड'मध्ये आठही जणं मंचाच्या डाव्या अर्ध्यात नाचली. उजवीकडे नुसता उजेड पडलेला. मला वाटलं, बुजली असतील. मग 'सावली' आली. विंगेत उभी राहून मी मोजत होते. पाच पावलं झाली आणि राजस वळला. तो चुकला असता तर मी त्याला समजून घेतलं असतं. तो चुकला नाही, जयंत. मी शिकवलं तेच त्यानं अगदी बिनचूक केलं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. भोपाळहून आलेले एक गृहस्थ म्हणाले की रिकामा सोडलेला मंच ही फार आधुनिक कल्पना आहे, आमच्या महोत्सवात हे असंच्या असं करा. मी हात जोडले. राजसनं विचारलं, ताई, ठीक था ना. मी हो म्हटलं. एकतीस वर्षांत नाचाबद्दल मी कोणाशी खोटं बोलले नव्हते.

मुलं जेवायला गेल्यावर मी एकटीच मंचावर गेले. डाव्या विंगेतून चालायला लागले. अर्ध्यावर माझे पाय थांबले. पुढे भिंत नव्हती, रेघ नव्हती, काहीच नव्हतं. दिवे मालवायला माणूस आला तोवर तिथेच उभी होते.

भोपाळला नाही म्हणून कळवलंय. मंडळी मिटवते आहे. फळ्या आडव्याच रचल्या आहेत, कोणाला हव्या असतील तर बघ.

अलका म्हणाली तेच खरं होतं, मुलं आधी तिथे नुसती धावायला हवी होती. ती चालायला लागली की तिला अंगणाच्या पार शेवटापर्यंत ने. दुखतंय म्हणाली तरी मध्ये थांबायची सवय लागू देऊ नकोस. पावलं मोज आणि मला कळव.

माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई