टिकलीने किती चॉकलेट खाल्लं

सोमवार, ५ फेब्रुवारी
आजपासून गोड बंद. रिपोर्टमध्ये शुगर वाढलेली आहे. नेमका आजच मेहुणा तुषार वापीहून काळ्या चॉकलेटचा बॉक्स घेऊन आला. चोवीस नग. पाहुण्यांसाठी आहेत, असं बायकोने, कल्पिताने, बजावलं. मी त्याकडे बघणारसुद्धा नाही. गुडघ्यामुळे मासेमारीच्या बोटीवर जाणं सुटलं तेव्हापासून घर मीच सांभाळतो. कल्पिता मासळी विकायला बाजारात असते.

बुधवार, ७ फेब्रुवारी
एक चाखलं. पाहुण्यांना खराब माल जायला नको. चांगलंच कडू आहे. कडू म्हणजे साखर नसणारच. खात्रीसाठी आणखी चार.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
सहा उरलीत. कशी, कळत नाही. आता मात्र कायमचं बंद. बॉक्स कपाटातून काढून पायाने खाटेखाली ढकलला. गुडघ्यामुळे वाकता येत नाही, तेव्हा प्रश्नच मिटला.

शनिवार, १० फेब्रुवारी, सकाळी ९.४०
टिकलीला वाकता येतं. आमची कुत्री, वय अकरा. बॉक्स चाटूनपुसून साफ. तेवढ्यात कल्पिता बाजारातून आली. हिने चोवीसच्या चोवीस खाल्ली का, विचारलं. मी म्हटलं, तसंच दिसतंय.

९.५५
मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचं ठरवलं. व्हिडिओत होतं. शेजारच्या शुक्रीने तांब्या हातातून घेतला. तिच्या भावाचा कुत्रा मिठानेच जास्त आजारी पडला होता. मग मी हळदीचं दूध सुचवलं. शुक्रीने तांब्या आत नेऊन ठेवला.

१०.०५
कल्पिताने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: वजन किती, कधी खाल्लं, किती खाल्लं. मासळीच्या काट्यावर अकरा किलो भरली. अर्धा तास झालाय. चोवीस, कल्पिता म्हणाली. डॉक्टरांनी आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाले, काही पाजू नका, ताबडतोब आणा.

१०.३०, रिक्षात
टिकली मांडीवर. थरथरतेय. कल्पिता पदराने डोळे पुसतेय. बोट बुडता बुडता वाचली तेव्हाही ती रडली नव्हती. दवाखान्यात पोचलो की सांगतो.

१०.४५
पोचलो. उलटी झाली की सांगतो. डॉक्टरांना मोजता येतीलच.

११.१५
उलटी झाली. मोजता येत नाही.

दुपारी १.००
डॉक्टर म्हणाले, चोवीस असतील तर उलटीवर भागणार नाही, भूल देऊन पोट धुवावं लागेल. या वयात भुलीतून उठेलच असं नाही. कल्पिता म्हणाली, करा. त्यांनी सुई भरली. टिकलीचं काळीज माझ्या तळव्याखाली धडधडत होतं. मी म्हणालो, "सहा."
डॉक्टर म्हणाले, "काय सहा?"
"तिने सहाच खाल्ली."
"मग बाकीची?"
कल्पिता माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचला. पूर्ण वाचला.
डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. सलाईनवर भागेल म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वेळी फोनवरच खरं सांगा."

रविवार, ११ फेब्रुवारी
टिकली बरी आहे. शेपटी हलवते. कल्पिता फक्त तिच्याशी बोलते. डॉक्टरांनी दोन दिवस नुसती पेज सांगितलीय. दुपारी कल्पिताने ती दोन ताटल्यांत वाढली. एक टिकलीपुढे ठेवली, एक माझ्यापुढे.
टिकलीने तोंड फिरवलं. मला ती सोय नव्हती.