सहावी खुर्ची

४ नोव्हेंबर
या वयात नोकरी लागली! टीव्हीवर अंतराळयानाची मालिका येणार आहे, तिच्या चित्रीकरणात मेळ राखायचं काम. म्हणजे काल कप्तानाचं वरचं बटण उघडं असेल, तर आजही उघडंच हवं. शिवणकामात जन्म गेला, टाका न् टाका ध्यानात राहतो, म्हणून घेतलं मला. धाकट्या बहिणीकडे राहायला आलेय. ती म्हणाली, ताई, मी चौथीत फोडलेली बरणी तू अजून उगाळतेस, त्या बिचाऱ्यांची काही धडगत नाही!

७ नोव्हेंबर
यान पुठ्ठ्याचं, पण आत शिरलं की जीव दडपतो. मालिकेची गोष्ट अशी, की या यानावर ज्याला बाकीचे विसरतात तो नाहीसाच होतो. जेवणाच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या. गाद्यांच्या खोळी मीच शिवल्या. सहावीवर यानाचे डॉक्टर झालेले म्हातारे नट बसतात. मला संगणकबाई म्हणून चिडवतात आणि माझ्याच डब्यावर हक्काने ताव मारतात. गोड माणूस.

११ नोव्हेंबर
आज खुर्च्या पाचच. मी आरडाओरडा केला. दिग्दर्शकाने हसत आधीचं चित्रीकरण लावून दाखवलं. त्यातही पाच. म्हणे, गोष्टीत डॉक्टर कधी नव्हताच. पडद्यावर दिसतं तेच खरं. आदल्या दिवशी उसवली म्हणून शिवायला घेतलेली सहावी खोळ माझ्या पिशवीत होती. तरी सगळ्यांची तोंडं पाहून कच खाल्ली. बोलून गेले, माझीच चूक असेल.
घरी येऊन पाहिलं. पिशवीत खोळ नाही.

१४ नोव्हेंबर
धाकटीला सगळं सांगितलं. आधी हसली, मग पाठीवरून हात फिरवत म्हणाली, मला तेवढी विसरू नकोस हं.
दुपारी शेजारीण आली. विचारते, एकट्या राहता, करमतं का? धाकटी तेव्हा आत कप विसळत होती. आवाज येत होता! मी हो म्हटलं नाही. म्हणणारही नाही. डॉक्टरांच्या वेळी म्हटलं, तेवढं पुरे.

१६ नोव्हेंबर
भिंतीवरच्या फोटोत आम्ही दोघी होतो. आता मी एकटी, एका कडेला. माझा हात कुणाच्या तरी खांद्यावर असावा तसा — हवेत.
धाकटीला दाखवला नाही. ती आज फार हळू बोलते.

१७ नोव्हेंबर
शेजारीण दवाखान्यातल्या बाईंना घेऊन आली. त्या गोड बोलल्या. बहीण नाहीये, एवढं मान्य करा, बरं वाटेल. नाही म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा. मी थकले होते —
मान हलली का माझी?

१८ नोव्हेंबर
तिच्या गालावर तीळ. उजव्या. की डाव्या —
चौथीत बरणी फोडली. कुणी?
ओट्यावर दोन कप. एक माझा. दुसऱ्यातून अजून वाफ येतेय. मी तर एकटीच —
डोळ्यांना धार लागलीय. थांबत नाही. कुणासाठी, ते